नारळाला खिडकी

चित्रकूट, पितृपक्षाची प्रतिपदा

गोमती,

पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. माया उतू चालली म्हणून मी लिहीत नाहीये. अकरा वर्षं लिहिलं नाही, तशी आणखीही सहज गेली असती. पण या बसमध्ये बोलायच्या लायकीचं एक माणूस नाही, आणि मनात ठेवलं की माझं पोट फुगतं. पत्ता दमोहच्या मौसीनं दिला. न मागता दिला. तिची खोड तुला ठाऊक आहेच.

तुझे दद्दा गेल्या वर्षी फाल्गुनात माझं कुंकू पुसून गेले. मौसीनं तेही कळवलंच असेल. तुझा भाऊ आता त्यांना गयेला पोचवायला निघालाय आणि मला सामानाबरोबर घेतलंय. सागरच्या चिरोंजीलाल सेठची यात्रा-बस आहे. चित्रकूट, प्रयाग, काशी, गया आणि येताना मैहर. ‘तीर्थयात्रा, घरचं जेवण’ अशी बसवर पाटी आहे. कुणाच्या घरचं, ते पाटीवर नाही. छतावर शेगड्या, कढया, बटाट्याची पोती. त्यांचा महाराज विडी ओढत पुऱ्या तळतो. पुरीला वास येतो म्हटलं तर म्हणाला, “अम्मा, तो गंगामैयाकडून येणारा वारा.” चित्रकूटला गंगा कधी आली ते त्यालाच ठाऊक. मी समोर मंदाकिनीकडे बोट दाखवलं, तर त्यानं तिलाच हात जोडले.

तुझे दद्दाही बसमध्ये आहेत. माझ्या पुढच्या बाकावर, खिडकीपाशी. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला नारळ, वर लाल धागा. निघताना हरगोविंदनं घराच्या चारी कोपऱ्यांत उभं राहून पितरांना हाका मारल्या आणि त्या नारळात बसवलं. आता गयेपर्यंत नारळ जमिनीला टेकता कामा नये. म्हणून नारळाला खिडकी, नारळाच्या शेजारी हरगोविंद, त्याच्या शेजारी सूनबाई विमला, आणि मी मागं चाकावर. बस खड्ड्यात गेली की माझं डोकं टपाला लागतं आणि विमला वळून नारळाला विचारते, “दद्दाजी, लागलं नाही ना?” मला विचारत नाही.

जिवंत असताना त्यांना पहिला घास, पहिला चहा, पंख्याखालची जागा लागायची. मेल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं. इथंही चहाचा पहिला कुल्हड त्यांच्यापुढे. त्यांचा गार होईस्तोवर मी हात चोळत बसायचं. बसमध्ये असे बरेच नारळ आहेत आणि सगळ्यांच्या बायका मागच्या बाकांवर आहेत.

आज चिरोंजीलालनं शिटी फुंकून भाषण केलं. त्याच्या गळ्यात शिटी असते, आम्ही जणू बकऱ्या. म्हणाला, “गयेला अक्षयवटाखाली प्रत्येकानं एक खायची वस्तू जन्मभरासाठी सोडायची. सोडली की सोडली, परत घेता येत नाही. आत्तापासून ठरवून ठेवा. तिथं जाऊन ‘तू काय सोडलंस, मी काय सोडू’ करू नका, मागं रांग असते.” झालं. संध्याकाळपर्यंत बसमध्ये दुसरा विषय नाही. माझ्या शेजारच्या मिसराइनला फणस बाधतो, ती फणस सोडणार. तुझा भाऊ कारलं सोडणार. लहानपणी तो कारलं ताटाखाली लपवायचा, आता पितरांच्या पुढ्यात लपवतोय. इतका त्याग बघून माझे डोळे भरून आले.

उत्तर पाठवू नकोस. बसला पत्ता नसतो.

रामकली पटैरिया


प्रयाग, पितृपक्षाची तृतीया

गोमती,

संगमावर सगळ्या पुरुषांनी डोकी भादरून घेतली. हरगोविंदचं डोकं मागून चपटं आहे, विसरलेच होते. मी त्याला पाळण्यात एकाच कुशीवर झोपवायचे, पहिलंच पोर होतं. त्याचा हा परिणाम. बसमध्ये आता सगळे सारखेच दिसतात आणि बायका भलत्याच नवऱ्याला ‘अहो’ म्हणतात.

नाववाल्यानं आम्हाला इतकं दाटीनं बसवलं की गंगा कुठं आणि यमुना कुठं, मला फक्त मिसराइनची पाठ दिसली. तिघी नद्या भेटतात म्हणे. भेटोत बापड्या.

मिसराइनची मुलगी इथं दारागंजला दिली आहे. चिरोंजीलालनं मोठ्या मनानं तिला भेटायला वेळ दिला आणि ती मलाही ओढत घेऊन गेली. चांगलं घर आहे. अंगणात तुळस, दोन म्हशी, जावई तालुक्याला कारकून. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली, मग तिनं खाट टाकली, पंखा लावला. आणि मिसराइन बसली कोरडी ठणठणीत. घोटभर पाणी घेतलं नाही. मुलीच्या घरचं पाणी कसं प्यायचं? तिनं आपला लोटा बसमधून भरून आणला होता, तो मांडीवर धरून बसली. ऊन असं, की म्हशीसुद्धा धापा टाकत होत्या. मुलीनं माझ्यापुढे सरबत ठेवलं. मी परकी, मला चालतं. मी प्यायले. लिंबू, वेलची, थोडं मीठ. मिसराइन माझ्या गळ्याकडे बघत होती.

निघताना ती मुलगी म्हणाली, “अम्मा, तू आलीस आणि मी तुला काहीच दिलं नाही.”

मिसराइन म्हणाली, “वेडी का तू, मुलीचं खाल्लं तर मी नरकात जाईन.” आणि परतीच्या वाटेवर रिक्षात भडाभडा रडली. मूर्ख बाई. पण मी तिला गप्प बस म्हटलं नाही. मुलीला भेटायला मिळालं तिला. लोटा घेऊन का होईना.

बसमध्ये आल्यावर तिनं मला विचारलं, “तुम्हाला मुलगी नाही?”

मी तोंड उघडायच्या आत हरगोविंद पुढून म्हणाला, “एक बहीण होती. गेली.”

“अरेरे! कशानं?”

तो अडखळला. विमला चटकन म्हणाली, “तापानं.”

ऐकलंस? तुझ्या भौजीनं तुला तापानं मारलं. निदान काही भारी तरी सांगायचं होतं, नाग चावला, पुरात गेली. पण नाही, ताप. विमलाची अक्कल जेवढी तेवढाच तिचा खोटेपणा. मिसराइन मला गोंजारत होती, “कसं सोसलंत हो.” मी शेंगदाणे खात होते. खातच राहिले. आणखी काय करणार होते, भर बसमध्ये?

आणखी एक गोष्ट माझ्या कानावर आली आहे. ती लिहिण्यासारखी नाही.

रामकली पटैरिया


काशी, पितृपक्षाची पंचमी

गोमती,

ती गोष्ट लिहिते. न लिहिता झोप येत नाही, आणि धर्मशाळेत एरवीही येत नाही, कारण चिरोंजीलाल घोरतो आणि घोरण्यातही शिटी वाजवतो.

काशी तुला सांगण्यासारखी राहिली नाही. एका गल्लीत बैल, एका गल्लीत शेण, आणि ज्या गल्लीत काही नाही तिथं साड्यांचं दुकान. चिरोंजीलालनं आम्हाला विश्वनाथापुढे जितका वेळ दिला त्याच्या तिप्पट वेळ साड्यांच्या दुकानात बसवलं. सारनाथला बस थांबली, सगळे उतरले, स्तूपाभोवती फिरले. मिसराइननं विचारलं, “ह्याच्या आत काय आहे?” चिरोंजीलाल म्हणाला, “आत विटा आहेत, चला.” पुन्हा शिटी.

प्रयागला हरगोविंद आणि विमलाची कुजबुज अर्धवट ऐकली होती, ती आज पुरती कळली. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर हरगोविंद माझ्याजवळ येऊन बसला. नारळ मांडीवर. म्हणाला, “अम्मा, गयेला पंड्यापुढे नावं घ्यायची आहेत. एकदा ऐकून घे, कोणी राहायला नको. दद्दा. आजोबा, पणजोबा. दोन्ही आज्या. लहान कक्का.” थांबला. “आणि बिन्नू.”

“कुठली बिन्नू?”

“आपली बिन्नू.”

“ती मेली कधी?”

“अम्मा, आवाज कमी कर. दद्दांनी शेवटच्या दुखण्यात माझ्याकडून वचन घेतलंय. म्हणाले, माझ्याबरोबर तिचाही पिंड ठेव. तू पेज घेऊन आत आलीस आणि ते गप्प झाले, आठवतं?”

“मला आठवतं की त्यांना लघवीला जायचं होतं.”

“तुला सगळ्याची थट्टा सुचते!”

थट्टा! गोमती, नीट ऐक. गयेचा पिंड एकदाच पडतो. पडला की त्या माणसाचा निकाल लागला. मग वर्षाचं श्राद्ध नाही, वाढलेलं पान नाही, घरात कुणी नाव घ्यायचं नाही. अकरा वर्षं तू आमच्याकडे नव्हतीस, पण होतीस. दद्दांच्या शिव्यांत होतीस, तुझ्या लाकडी पेटीत होतीस, विमलानं डाळ करपवली की ‘बिन्नू असती तर’ असं मी म्हणायचे त्यात होतीस. ते सगळं हा मुलगा पिठाच्या एका गोळ्यानं बंद करायला निघालाय.

मी विचारलं, “दद्दांचा शब्द की विमलाचा?”

मग खरं बाहेर आलं. त्याच्या रन्नोचं लग्न ठरतंय, झाशीचे लोक आहेत. ते विचारतात, मुलीच्या बापाची बहीण, तिची बुआ, कुठाय? आरती कोण करणार, बुआचा मान कुणाला? “काय सांगू मी त्यांना?” हरगोविंद म्हणाला. “शिंप्याच्या पोराबरोबर पळून गेली म्हणून सांगू? पोरीचं लग्न मोडेल, अम्मा. एकदा गया झाली की सांगता येतं, बुआ गेली, गयाही करून आलो. मग कोणी खोदत नाही.”

“आणि ती सुरतेत बसून चहा पीत असेल तेव्हा?”

“तिला कोण सांगणार आहे?”

मी सांगतेय. म्हणून लिहितेय.

तू केलंस ते मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. कमलेश नामदेव! शिलाई मशिनी दुरुस्त करणारा, तोंडात कायम स्क्रू. एवढ्या वर्षांत सासूला एक मशीन पाठवायचं सुचलं नाही त्याला. पण न पटणं वेगळं आणि माणूस पुरणं वेगळं. मी तुला दोन दिवस कळा सोसून जन्म दिलाय. तू मेलीस की नाही ते हरगोविंद ठरवणार?

मी त्याला म्हटलं, “नाव घेऊ नकोस.” तो म्हणाला, “बघू.” तुझ्या दद्दांचंच ‘बघू’. म्हणजे ठरलेलं असतं.

तुझी आई


गया, पितृपक्षाची सप्तमी

गोमती,

त्यानं नाव घेतलं.

फल्गू नदीत पाणी नाही, वाळू आहे. वाळूत हातानं खड्डा केला की पाणी लागतं. चिरोंजीलालची अख्खी बस वाळूत रांगेनं बसली. पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर पंडा, हातात भोंगा, शाळेत कवायत घेतात तसा: “डावा गुडघा मोडा! जानवं उजव्या खांद्यावर! अहो, उजव्या! दक्षिणा नंतर, आधी तीळ!” पत्रावळीवर जवाच्या पिठाचे गोळे. हरगोविंदनं दद्दांचं नाव घेतलं, गोळा ठेवला. आजोबा, पणजोबा, आज्या, कक्का. शेवटचा गोळा हातात राहिला. मी त्याच्या मागंच बसले होते. चपट्या डोक्यावर घाम आला होता.

“गोमती,” तो म्हणाला.

पंडा खुर्चीवरून उठून जवळ आला होता. “गोत्र?”

हरगोविंद गोळा या हातातून त्या हातात करायला लागला. याचा विचारच त्यानं केला नव्हता. आम्ही पटैरिया, पण लग्न झालेली मुलगी नवऱ्याच्या गोत्रात जाते. आमचं गोत्र सांगावं तर मुलगी बिनलग्नाची पळाली असं होतं. नवऱ्याचं सांगावं तर लग्न मान्य करावं लागतं, त्या पंड्यापुढे आणि सगळ्या बसपुढे.

“लग्न झालं होतं का?” पंड्यानं विचारलं.

मी मागून म्हटलं, “झालेलं आहे. कमलेश नामदेव, सुरत. तोही जिवंत आहे आणि तीही जिवंत आहे.”

आवाज जरा मोठा झाला असावा, कारण पलीकडच्या रांगेतले आंध्रवालेही वळले. मिसराइन म्हणाली, “अहो, पण ताप आला होता ना?” विमला वाळूत रेघा काढायला लागली.

मला वाटलं, आता अडला. आता गोळा खाली ठेवेल. पण गयेच्या पंड्याला अडणं माहीत नाही. म्हणाला, “गोत्र ठाऊक नसेल तर कश्यप म्हणा, सगळ्यांचं चालून जातं. जिवंत की मेलेली, ते तुमच्या घरातलं. लवकर करा, मागं लोक खोळंबलेत.”

“कश्यप,” हरगोविंद म्हणाला आणि गोळा ठेवला. ठेवून त्यानं हात वाळूत पुसला. मी पाहिलं. मला त्याची दया आली आणि किळसही आली. मग मी रडले. पदर तोंडात घालून नाही, सरळ रडले. तू डोळ्यांसमोर येत होतीस, मोठी नाही, दुधाचे दात पडलेली.

पुढचं ऐक. नारळ तिथंच सोडला. पितर गयेला राहतात, परत आणत नाहीत. मग आम्हाला अक्षयवटाखाली नेलं, सोडण्यासाठी. मिसराइननं फणस सोडला. विमलानं नासपती सोडली, जी तिनं आयुष्यात दोनदा खाल्ली असेल. तुझ्या भावानं कारलं. वडाला हे ऐकून ऐकून वीट आला असेल.

“अम्मा, तुम्ही?” पंड्यानं विचारलं. “फळ की भाजी?”

मी म्हटलं, “हरगोविंद पटैरियाच्या घरचं अन्न.”

“असं नसतं, अम्मा. एखादं फळ सांगा.”

“खायची वस्तूच आहे ना? चाळीस वर्षं मीच रांधलंय, मला ठाऊक आहे.” आणि मी वडाला हात लावून तीनदा म्हटलं, सोडलं, सोडलं, सोडलं.

हरगोविंदनं माझा हात वडावरून ओढला. “अम्मा, लोक बघताहेत.”

“बघू देत. कारल्याला कंटाळले होते.”

“परत घे. पंडाजी, हे परत घेता येतं ना? काही प्रायश्चित्त सांगा, मी करतो.”

पंडा भला माणूस नव्हे, पण धंद्याचा पक्का आहे. म्हणाला, “बाबू, इथं सोडलेलं परत घेता येत असतं तर इथवर कोण आलं असतं?”

तुझा भाऊ माझे पाय धरून बसला. “मग तू जेवणार कुठं, अम्मा?” या अख्ख्या यात्रेत त्यानं विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

तुझी आई


मैहर, परतीच्या वाटेवर, नवमी

बिन्नू,

आता खिडकीची जागा माझी. नारळ गेल्यामुळे ती रिकामी होती. मी जाऊन बसले, कुणी हूं की चूं केलं नाही. वारा येतो, बाहेरचं दिसतं. तुझ्या दद्दांना खिडकी का लागायची ते कळलं.

जेवण बसचं चालतं. पुऱ्या चिरोंजीलालच्या, हरगोविंदच्या नाहीत. हे मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं. तरी तो दर जेवणाला द्रोण घेऊन येतो, समोर उभा राहतो, मी चिरोंजीलालच्या पातेल्यातून वाढून घेतलं की मुकाट्यानं जातो. आज म्हणाला, “रन्नोच्या लग्नातही जेवणार नाहीस?” मी म्हटलं, “मुलीची बुआ कुठाय, हे झाशीच्या लोकांना एकदा खरं सांग. मग आरतीला येईन, आपली शिदोरी घेऊन.” द्रोण घेऊन मागं वळला. ‘बघू’ म्हणाला नाही, एवढं मात्र खरं.

विमलानं संध्याकाळी येऊन माझे पाय दाबले. न बोलता. दाबू दिले. हात बरा आहे तिचा.

मिसराइन माझ्यापाशी येऊन बसली. बसला आता सगळी कथा ठाऊक आहे, तुझा ताप उतरला आहे. तिनं हळूच विचारलं, “मग तुम्ही मुलीकडे जाणार? पण मुलीच्या घरचं तर पाणीही...”

आणि तिच्या तोंडाकडे बघता बघता मला उत्तर सापडलं. मी म्हटलं, “मिसराइन, कुठली मुलगी? माझ्या मुलीचा पिंड तुमच्यासमोर फल्गूत पडला. सगळी बस साक्षीला आहे. कश्यप गोत्र. आता मला मुलगी नाही. सुरतेत एक बाई राहते, मशीनवाल्या नामदेवाची बायको. तिच्या घरी मी जेवले, पाणी प्यायले, तर कुठलं शास्त्र आडवं येतं?”

तिनं आपला लोटा उचलून मांडीवर घेतला. मग तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, “तुमचं बरं आहे हो.” बिचारी.

सागरला घरी जाणार नाही. मौसीकडे दोन दिवस, मग इंदूर. इंदूरहून सुरतेला थेट बस आहे म्हणतात. पुन्हा बस! या जन्मात चाकावरून सुटका नाही. मौसी तुझ्या शेजारच्या दुकानात फोन करून दिवस कळवेल. कमलेशला म्हणावं, स्टँडवर येताना तोंडातले स्क्रू काढून ये, मला जावयाशी बोलायचंय. पाया पडायला लावीन, हेही सांग.

तू रडत बसू नकोस, मला रडक्या बायकांचा कंटाळा आलाय. पाणी भरून ठेव. चहा केलास की पहिला कप मला दे. गरम दे.

अम्मा